घोट्यावरची चीर

चीर आधी दिसली ती धाकटीला. बाबा दुकानातल्या बाकावर बसून पाय चोळत होते आणि ती नेहमीसारखी त्यांचे बूट उलटे करून आतलं बर्फाचं पाणी काढत होती. डाव्या बुटाच्या घोट्यापाशी, जिथे नडगीवरचा भाग खालच्या भागाला एका जाड रिव्हेटने जोडलेला असतो, तिथून एक बारीक रेघ टाचेकडे उतरली होती. ओरखडा असेल म्हणून तिने नख फिरवलं. नख अडकलं.

मग तिने बूट दोन्ही हातांनी किंचित वाकवून पाहिला. रेघेच्या दोन्ही बाजूंचं निळं प्लास्टिक पांढरं पडलं.

"काय झालं गं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. बकल सैल झालंय," ती म्हणाली आणि बूट काउंटरमागे ठेवून दिला.

दुकान रोपवेच्या खालच्या स्थानकाला लागूनच होतं. पुढे बुटांचे रॅक, मागे कामाची खोली. तिथे स्नोबोर्डांना चोळायच्या मेणाचा वास कायमचा भिंतींत मुरलेला. आई होती तोवर ती गल्ला सांभाळायची आणि धाकटी मागे काम करायची. आई गेल्यावर धाकटी दोन्ही करू लागली. दादा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, केव्हाच खाली सपाटीवरच्या शहरात नोकरीला गेला होता आणि डोंगराचं नाव काढलं की त्याच्या कपाळाला आठी पडायची.

बाबांना सगळा गाव सर म्हणायचा. गावातल्या दोन पिढ्यांना स्नोबोर्डवर वळायला त्यांनी शिकवलं होतं. आता बहुतेक लोक मऊ बूट घालतात, पण बाबा शर्यतीतले. त्यांचे बूट कडक प्लास्टिकचे, बाहेरून कवच आणि आत मऊ बूट, अशा जुन्या धाटणीचे. त्या कवचाशिवाय बोर्डची धार बर्फात बसत नाही असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांच्यापुरतं ते खरंही होतं. तरुणपणी एका शर्यतीत त्यांचा डावा घोटा मोडला होता आणि ज्याने तो बसवला त्याने घाईत बसवला असावा. हाड बाहेरच्या बाजूला लिंबाएवढं वर आलं ते आलंच. त्या हाडासाठी कवच गरम करकरून, आतून दाबून, वर्षानुवर्षं थोडं थोडं फुगवलेलं होतं. तसले बूट बनवणारा कारखाना बंद पडूनही बराच काळ लोटला होता.

त्या संध्याकाळी बाबा घरी गेल्यावर धाकटीने बूट टेबलावरच्या दिव्याखाली धरला. चीर एकच होती. पण सगळ्या कवचाचा रंग आतून उडाला होता आणि रिव्हेटच्या भोवती चाकूचं टोक लावलं तर प्लास्टिकचे पापुद्रे निघत होते. मोडलेली वस्तू आणि संपलेली वस्तू यांतला फरक तिला रोजच्या कामातून माहीत होता. गिऱ्हाइकाचा बूट असता तर तिने हात जोडून सांगितलं असतं, नवे घ्या, हे आता भिंतीवर टांगा.

बाबांनाही तिने तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी, चहा पिताना. बाबांनी बूट हातात घेतला, चीर पाहिली, आणि बरं म्हणाले. इतक्या सहज बरं म्हणाले की तिला धसका बसला.

तिने नवे बूट मागवले. आल्यावर दुकान बंद ठेवून दिवसभर त्यांच्यावर खपली. गरम हवेच्या बंदुकीने कवच मऊ केलं, आतून घासलं, लाकडी साचा घालून घोट्याची जागा फुगवली. बाबांनी पाय घातला, उभे राहिले, गुडघे वाकवले. छान झालेत म्हणाले. सकाळी वर गेले आणि एका फेरीत परत आले. मोजा काढला तेव्हा घोट्यावरची कातडी सोलून निघाली होती. धाकटीने पुन्हा घासलं, पुन्हा फुगवलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी बाबांनी पाय दाखवलाच नाही, पण मोजे धुवायला टाकताना तिला रक्ताचा डाग दिसला.

त्यानंतर त्यांनी वर जाणं सोडलं. तक्रार नाही, चिडचिड नाही. खिडकीशी खुर्ची ओढून बसायचे. आधी दाढी करणं एक दिवसाआड झालं, मग राहूनच गेलं. जेवणाचं ताट पुढे ठेवलं की दोन घास खायचे आणि बाकीचं बोटाने इकडून तिकडे करायचे. आईच्या आजारपणातही हा माणूस रोज पहाटे उठून एक फेरी मारून यायचा. धाकटीने दादाला फोन केला. दादा म्हणाला, वय झालंय त्यांचं, बसू दे की जरा घरात, आपण सगळेच कधीतरी खिडकीत बसणार आहोत. त्याचं चुकत नव्हतं. फक्त रोज ती खुर्ची त्याला पाहावी लागत नव्हती.

एका संध्याकाळी लंबू दुकानात आला. लंबू म्हणजे उताराच्या कडेला जाळ्या लावणारा गडी. इतका उंच की बर्फात रोवायच्या खांबांच्या जागी यालाच उभा करावा, असं रोपवेवरचे लोक म्हणायचे. आणि तो म्हणायचा, मला चालेल, फक्त जेवायला खाली उतरवा. त्याला लहानपणी बाबांनीच शिकवलं होतं. तो हातमोजे शिवायला घेऊन आला होता. जाता जाता म्हणाला, सर दिसत नाहीत हल्ली, सकाळी वर चुकल्यासारखं वाटतं. बस, एवढंच. पण तो गेल्यावर धाकटीने जुने बूट पुन्हा बाहेर काढले.

तिने चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे ती पुढे सरकणार नाही. आतून आणि बाहेरून ॲल्युमिनियमची पातळ पट्टी घोट्याच्या वळणावर ठोकून बसवली आणि रिव्हेटांनी पक्की केली. रिव्हेट एका ओळीत, सारख्या अंतरावर. काम देखणं झालं होतं. ती ते हातात धरून बराच वेळ बसली. पट्टी टिकणार याची तिला खात्री होती. पट्टीच्या पलीकडच्या प्लास्टिकची नव्हती.

बाबांना तिने अटी घातल्या. फक्त शाळेच्या उतारावर जायचं, म्हणजे जिथे नवशिके शिकतात तिथे. वेग घ्यायचा नाही. आणि अगदी सकाळी जायचं, गर्दी व्हायच्या आत, म्हणजे काही झालंच तर मध्ये कुणी नको. बाबा प्रत्येक अटीला मान हलवत होते. बूट पायात चढवून त्यांनी बकलं लावली, आणि त्यांचा चेहरा असा झाला की धाकटीला तिथे उभं राहवेना. ती उगाच मागे जाऊन नळ सोडून आली.

पुढचे काही आठवडे चांगले गेले. बाबांनी दाढी केली. ताट रिकामं होऊ लागलं. दिलेल्या अटी त्यांनी एखाद्या गुणी विद्यार्थ्यासारख्या पाळल्या. धाकटी दर संध्याकाळी बूट तपासायची, पट्टीवर बोट फिरवायची, आणि काही नवीन दिसलं नाही की मन हलकं व्हायचं.

ज्या सकाळी ते घडलं ती त्या हिवाळ्यातली सगळ्यांत कडाक्याची सकाळ होती. दुकानाच्या कुलपाला हात लावला तर बोट चिकटत होतं. धाकटीने दार उघडलं, हीटर लावला आणि काउंटरवरचा वॉकीटॉकी सुरू केला. जखमींना बर्फावरून खाली आणायची बचाव पथकाची स्लेज तिच्याच शेडमध्ये ठेवलेली असायची, म्हणून तो तिच्याकडे असे. थोड्या वेळाने त्यावर कुणीतरी स्लेज मागितली. शाळेचा उतार, खालचं वळण, दोन माणसं. एक सर आहेत, असं तो आवाज म्हणाला. दुसऱ्याचं नाव त्याने लगेच सांगितलं नाही.

घडलं ते असं. बाबा वळण घेत होते, सावकाश, नेहमीचं. पुढच्या पायावर भार आला आणि डाव्या बुटाचं कवच पट्टीच्या मागून, टाचेपासून वरपर्यंत फाटलं. पट्टी होती तशीच जागेवर राहिली. पाय आत फिरला, बोर्डची धार सुटली, आणि बर्फ रात्रीतून काचेसारखा झालेला. बाबा कडेला घसरत गेले. कडेला लंबू होता. गर्दी व्हायच्या आत जाळी लावावी म्हणून तोही सकाळीच आला होता. वाकून खांब ठोकत होता, पाठ उताराकडे. बाबा ओरडले, पण टोपी आणि हातोड्याचा आवाज यांतून त्याला ऐकू गेलं नाही.

बाबांचं मनगट आणि एक बरगडी मोडली. लंबूचा कणा.

थंडीत जुनं प्लास्टिक आणखी ठिसूळ होतं, हे धाकटीला माहीत होतं. गर्दीचा विचार करताना तिने ते बाजूला सारलं होतं. सकाळची वेळ तिनेच ठरवली होती. इस्पितळाच्या बाकावर बसल्या बसल्या ती हेच पुन्हा पुन्हा उगाळत राहिली, आणि शेजारी बसलेली लंबूची बायको तिचा हात धरून तिलाच धीर देत होती. होईल गं सगळं नीट, सर पण बरे होतील, असं म्हणत होती.

बाबा घरी आल्यावर डोंगराचा सुरक्षा प्रमुख चौकशीला आला. तोही बाबांचाच विद्यार्थी. फुटलेला बूट त्याने एका पिशवीत घालून आणला होता आणि तो पिशवीतून काढताना त्यालाच कसनुसं होत होतं. बूट कुणी दुरुस्त केला, एवढंच त्याने विचारलं.

धाकटीने तोंड उघडलं, पण बाबा आधी बोलले.

"मीच बसवली पट्टी. ती दुकानात नसताना. तिने मला हे बूट टाकून द्यायला सांगितलं होतं. नवेही आणून दिले होते. विचार हवं तर."

प्रमुखाने बूट गुडघ्यावर घेतला आणि रिव्हेटांच्या ओळीकडे पाहत राहिला. बाबांच्या हातांना कंप होता, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. कपातला चहा बशीत सांडल्याशिवाय ते पिऊ शकत नव्हते. प्रमुखाने एकदा धाकटीकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती.

"मग तसंच लिहू ना, सर?" त्याने विचारलं.

"तसंच लिही," बाबा म्हणाले.

धाकटीने प्रमुखाला दार उघडून दिलं. तो गेल्यावर बाबांनी डोळे मिटून घेतले आणि तिला सूप गरम करायला सांगितलं. संध्याकाळी दादाचा फोन आला तेव्हा बाबांनी त्यालाही तेच सांगितलं, आणि दादा तिकडून इतका ओरडला की शब्द खोलीभर ऐकू आले. हौसेपायी एका माणसाचं आयुष्य मातीत घातलंत, असं तो म्हणाला. बाबा हो हो म्हणत राहिले.

गाव बदलायला वेळ लागला नाही. सर म्हणणारे आता म्हातारा म्हणू लागले. एवढी वर्षं शिकवलं आणि स्वतःला अक्कल नाही, असं रोपवेच्या रांगेत बोललं जाई. ते दुकानाच्या काचेतून ऐकू येई. खालच्या स्थानकात शर्यतीचे जुने फोटो लावलेले होते. त्यांतला बाबांचा एके दिवशी निघाला आणि त्या जागी भिंतीचा मूळचा रंग दिसू लागला. बाबा दुधाच्या पिशव्या आणायला जात तेव्हा तिकडूनच जात. येताना मुद्दाम लांबचा रस्ता घेत नसत. लोक धाकटीशी मात्र मवाळपणे बोलायचे. तुझा काय दोष, तू तर नवे बूट आणून दिले होतेस, असं म्हणून हातमोजे शिवायला टाकून जायचे. दुकान चालत होतं. पण हल्ली तिचा सुईवर हात बसत नव्हता. शिवलेलं पुन्हा उसवायची आणि पुन्हा शिवायची.

लंबूला इस्पितळातून सोडलं नव्हतं. धाकटी त्याला भेटायला जायची तेव्हा तो बहुतेक वेळा गोळ्यांच्या गुंगीत असायचा. कमरेखाली काही उरलं नाही, असं डॉक्टरांनी सांगून झालं होतं. एका भेटीत त्याची बायको तिच्याबरोबर बाहेरच्या व्हरांड्यात आली. ती बारीक झाली होती. कपडे अंगावर लोंबत होते.

"राग तुझ्यावर नाही गं माझा," ती म्हणाली. "पण सर असे निघतील असं कधी वाटलं नव्हतं. ह्यांचा केवढा जीव होता त्यांच्यावर. मी आता त्यांचं तोंडसुद्धा बघणार नाही."

धाकटीने कठडा धरला.

"वहिनी, पट्टी मी लावली होती. बाबांनी नाही. बूट संपलाय हे मला माहीत होतं, आणि तरी मी तो त्यांच्या पायात घातला."

वहिनीने आधी ऐकलंच नसावं, कारण तिचा चेहरा तसाच राहिला. मग तिने विचारलं, "आणि ते?"

"ते माझ्यासाठी खोटं बोलले."

वहिनीने हात उगारला नाही. आत गेली आणि दार लावून घेतलं.

धाकटी तिथून सरळ सुरक्षा प्रमुखाच्या कार्यालयात गेली आणि त्यालाही सांगितलं. त्याने मान खाली घातली. मला माहीत होतं, असं तो म्हणाला नाही, पण ते दिसत होतं. आता मला कागद बदलावे लागतील, एवढंच म्हणाला. दुकानाला दुरुस्तीची परवानगी देणारे त्याच्याच वरचे लोक होते. परवानगी गेली. बूट दुरुस्त करता येत नाहीत असं बुटांचं दुकान किती दिवस तग धरणार? हिवाळा संपायच्या आत तिने रॅक रिकामे केले आणि किल्ली घरमालकाला देऊन टाकली.

ती सांगून आली त्या दिवशी बाबा इतके संतापले की तिने त्यांना आयुष्यात तसं पाहिलं नव्हतं. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"तू खरं बोललीस म्हणून कुणाचं काय भलं झालं?" ते म्हणाले. "लंबू उठून बसला? मला आता काय जपायचंय? नाव? ते घेऊन कुठे जाणार होतो मी? तुझं सगळं पुढे होतं. माझ्याकडे तुला द्यायला तेवढं एकच होतं, तेही तू परत केलंस."

"मला पेलत नव्हतं, बाबा."

"मग मला कसं पेलत होतं?"



लोकांनी बाबांना पुन्हा सर म्हणायला सुरुवात केली असती, पण तोवर बाबांनीच लोकांशी बोलणं टाकलं होतं. दादा येऊन त्यांना घेऊन गेला. एक बॅग, औषधांचा डबा, आईचा फोटो. गाडीत बसताना दादाने धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बरोबर चल म्हणाला. ती नको म्हणाली. बाबांनी काच खाली केली, विजेच्या बंबाचं बटण नीट चालत नाही, तेवढं बघून घे म्हणाले, आणि काच वर केली. फोनवर ते बोलायचे, जेवलो, झोपलो, इथे ऊन चांगलं असतं. पायाबद्दल तिने विचारलं की फोन दादाकडे द्यायचे.

धाकटीला एका लॉजच्या धुलाईघरात काम मिळालं. वाफ, ओल्या चादरींचे ढीग, यंत्रांचा आवाज. तिथे कुणाशी फार बोलावं लागत नसे, म्हणून तिला ते बरं वाटे. तिने तिथला एक मोसम काढला. लंबूला घरी आणल्याचं तिला कुणाकडून तरी कळलं होतं. तिच्या पायांनी तिला दोनदा त्या गल्लीपर्यंत नेलं आणि दोनदा परत आणलं.

मग एका दुपारी वहिनी धुलाईघराच्या दारात येऊन उभी राहिली. धाकटी चादरीची दोन टोकं हातात धरून जागच्या जागी थांबली.

"मी काही माफ-बिफ करायला आलेली नाही," वहिनी म्हणाली. "ते मला जमेल असं वाटत नाही. पण मला काम मिळालंय, आणि मंगळवारी ह्यांच्यापाशी बसायला कुणी नाही. माझी बहीण बाकीचे दिवस येते. मंगळवारी तुला सुट्टी असते असं कळलं."

"असते," धाकटी म्हणाली.

"सकाळी ये. उशीर करू नकोस, माझी बस चुकते."

मंगळवारी ती गेली. पुढच्या खोलीत, जिथे आधी जेवणाचं टेबल असायचं, तिथे पलंग लावला होता. लंबूला तो पुरत नव्हता, म्हणून पायथ्याशी एक स्टूल आणि त्यावर उशी. वहिनीने औषधं दाखवली, पाणी पाजायची नळी दाखवली, आणि पर्स उचलून निघून गेली. लंबू छताकडे पाहत होता. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही आणि ये असंही म्हणाला नाही. ती खुर्चीवर बसली. बाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं.

"कूस बदलायची वेळ झाली," शेवटी तो म्हणाला. "नाहीतर पाठीला जखमा होतात. येतं का तुला?"

"नाही."

"एक हात खांद्याखाली. दुसरा कमरेखाली. ओढायचं नाही, लोटायचं. आणि मी ओरडलो तरी मध्येच सोडायचं नाही."

तिने हात घातले. अंगात वजन राहिलं नव्हतं, तरी तो जड होता, कारण अर्धं शरीर मदत करत नव्हतं. लोटताना तो ओरडला, आणि तिने मध्येच सोडलं. तो पुन्हा पाठीवर आला, दात आवळून शिव्या घालत. कुणाला घालत होता ते त्याने सांगितलं नाही. ती कपाळावरचा घाम पुसून उभी राहिली. थोड्या वेळाने त्याने पुन्हा सांगितलं, खांद्याखाली, कमरेखाली. या वेळी तो ओरडला तरी तिने सोडलं नाही. पाठीशी उशी लावली, चादरीची घडी सारखी केली. तो भिंतीकडे तोंड करून पडला आणि लगेच झोपला, किंवा झोपल्यासारखं केलं.

संध्याकाळी वहिनी आली. आधी तिने त्याची पाठ पाहिली, मग चादर, मग औषधाची पाकिटं. स्वयंपाकघरात जाऊन हात धुतले आणि टॉवेलला पुसत बाहेर आली.

"उशी जरा खाली हवी होती," ती म्हणाली. "पुढच्या वेळी लक्षात ठेव."

धाकटीने कोट चढवला आणि बाहेर पडली. मागून कडी लागल्याचा आवाज आला.